मोठा राउटर बसवण्याआधी: वीज, अर्थिंग आणि कूलिंगचं नियोजन

मोठ्या चॅसिसच्या (ज्यात कार्डं बसवतात त्या सांगाड्याच्या) राउटरची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की आपण पोर्ट, लाइन कार्ड (पोर्ट असलेली कार्डं) आणि कॉन्फिगरेशनच्या मागे लागतो. वीज इलेक्ट्रिकलवाले बघतील, थंडावा एसीवाले बघतील, असं गृहीत धरलं जातं. मग पेटी उघडल्यावर कळतं की डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) पॅनेलमध्ये पुरेसे ब्रेकर शिल्लक नाहीत, केबल बारीक पडते आहे आणि राउटर ज्या बाजूने गरम हवा फेकतो तिथे शेजारच्या रॅकचं तोंड आहे. तेव्हा दुरुस्ती करायला वेळही नसतो आणि जागाही.

या सगळ्यात माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: हिशोब सगळ्यात वाईट पाच मिनिटांसाठी करा. एक फीड (वीज आणणारी लाइन) गेलेली, बॅटरी उतरत आलेली, फिल्टर धुळीने भरलेला, पंखे पूर्ण वेगात. रोजच्या दिवशी तर कुठलाही आराखडा चालतो.

## १. आधी कागद आणि हत्यारं जमवा

जागा बघायला जाण्यापूर्वी हे कागद हातात हवेत:

- राउटरच्या नेमक्या मॉडेलचं हार्डवेअर गाइड. जाहिरातीचं दोन पानी डेटाशीट पुरत नाही.
- आज लागणाऱ्या आणि पुढे भरायच्या कार्डांची यादी, ऑप्टिकल मॉड्यूलसकट.
- जागेचा सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे मुख्य पुरवठ्यापासून रॅकपर्यंत वीज कशी येते त्याचा नकाशा.
- रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं यंत्र), बॅटरी किंवा यूपीएसची क्षमता आणि सध्याचा भार.
- अर्थिंगचा ताजा चाचणी अहवाल.
- एसीची क्षमता आणि सध्या त्यावर असलेला उष्णतेचा भार.
- जमिनीची भारक्षमता. भरलेलं मोठं चॅसिस काहीशे किलोचं असतं, त्यामुळे उंचावलेल्या फ्लोअरच्या एकेका लादीवर किती वजन येतं ते स्ट्रक्चरल माणसाकडून लेखी घ्या.

हत्यारांमध्ये डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, अर्थ टेस्टर, लो-रेझिस्टन्स ओहममीटर, टॉर्क रेंच, योग्य डायसह हायड्रॉलिक क्रिम्पर (केबलच्या टोकावर जोडणी दाबून बसवणारं हत्यार), इन्सुलेटेड पाने आणि तापमान नोंदवणारे दोन-चार लॉगर लागतील. क्लॅम्प मीटर घेताना नीट बघा, कारण साधा एसी क्लॅम्प (इथे एसी म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज, थंडाव्याचा एसी नव्हे) डीसी करंट दाखवतच नाही. ४८ व्होल्टच्या केबलला लावला की शून्य दिसतं आणि नवखा माणूस केबल मृत आहे असं समजून हात घालतो.

## २. वॅटचा खरा आकडा काढा

कागदपत्रांत तुम्हाला तीन वेगळे आकडे भेटतील. पॉवर सप्लायवरचा आकडा सांगतो की तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो. ‘टिपिकल’ आकडा साधारण तापमानाला, मध्यम ट्रॅफिकवर मोजलेला असतो. नियोजनासाठी लागतो तो तिसरा: तुमच्या कार्डांसह, कमाल तापमानाला, पूर्ण भारावरचा. बहुतेक उत्पादक यासाठी पॉवर कॅल्क्युलेटर देतात. त्यात आजची कार्डं भरून एक उत्तर काढा आणि सगळे स्लॉट भरल्यावरचं दुसरं. केबल आणि ब्रेकर दुसऱ्या आकड्यावर ठरवा. कार्ड नंतर टाकता येतं, पण चालू साइटवर भिंतीतून नवी केबल ओढणं फार जिकिरीचं असतं.

पुढे सगळीकडे वापरण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पंखे, फॅब्रिक (लाइन कार्डांना आतून एकमेकांशी जोडणारी) आणि कंट्रोल कार्डं मिळून २४०० वॅट. ९०० वॅटची ६ लाइन कार्डं, म्हणजे ५४०० वॅट. प्रत्येक कार्डात १५ वॅटची १२ मॉड्यूल, म्हणजे १०८० वॅट. एकूण ८८८० वॅट. हा पॉवर सप्लायने आत दिलेला आकडा झाला. सप्लायची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर बाहेरून सुमारे ९६५० वॅट घ्यावे लागतील. गाइडमधला आकडा इनपुटचा आहे की आउटपुटचा, हे प्रत्येक वेळी तपासा.

मॉड्यूलकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या १० जी (गिगाबिट) च्या मॉड्यूलला एखादा वॅट लागायचा, ४०० जी च्या कोहेरंट मॉड्यूलला १५ ते २० वॅट लागतात. पंख्यांचंही तसंच: वेग दुप्पट झाला की लागणारी वीज आठपट होते. खोली तापली की राउटर स्वतःच जास्त वीज मागतो तो यामुळेच.

## ३. ए आणि बी फीड मुळापर्यंत वेगळ्या आहेत का ते पाहा

दोन फीड असल्याचं सगळेच सांगतात. तुम्ही स्वतः नकाशा हातात घेऊन रॅकपासून मागे चालत जा. ए ची केबल कुठल्या पॅनेलला जाते, ते पॅनेल कुठल्या यूपीएस किंवा रेक्टिफायरला, तो कुठल्या मुख्य बोर्डाला. पीडीयू (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्ट्या) दोन आणि त्यांच्यामागे यूपीएस एकच, असा प्रकार सर्रास आढळतो. दोन्ही केबल एकाच ट्रेमधून जात असतील तर तेही लिहून ठेवा.

दुसरा सापळा भाराचा. ए वर ५५ टक्के, बी वर ५५ टक्के भार दिसतो आणि दोन्हीकडे भरपूर जागा आहे असं वाटतं. ए गेली की बी वर ११० टक्के येतो आणि तीही जाते. दुहेरी फीडच्या जागी प्रत्येक बाजू ४० टक्क्यांच्या आसपास थांबवावी, असं माझं मत आहे.

काही चॅसिसमध्ये स्लॉट पॉवर झोनमध्ये विभागलेले असतात. एका झोनचे दोन्ही सप्लाय चुकून ए ला जोडले गेले तर ए गेल्यावर अर्धं चॅसिस बंद पडतं, उरलेलं सुरू राहतं, आणि कारण शोधता शोधता रात्र जाते. कुठला सप्लाय कुठल्या फीडला, याचा तक्ता आधी कागदावर करा आणि दोन्ही टोकांना तेच लेबल लावा.

राउटर एसी विजेवर चालवणार असाल तर इनपुट व्होल्टेज बघा. बरेच मोठे सप्लाय २०० ते २४० व्होल्टवरच पूर्ण क्षमता देतात. ११० ते १२० व्होल्टवर ती जवळपास निम्मी होते किंवा सप्लाय चालूच होत नाही. तीन फेजमध्ये भार समान वाटायलाही विसरू नका.

## ४. डीसी केबल आणि ब्रेकरचा हिशोब

टेलिकॉमच्या जागी उणे ४८ व्होल्ट डीसी असतो. यात पॉझिटिव्ह बाजू अर्थ केलेली असते, म्हणजे दमट जागी तांब्याच्या तारा कमी गंजतात. इतर डीसी यंत्रांची सवय असलेला माणूस इथे हमखास गोंधळतो, म्हणून पोलॅरिटी रंगावरून ठरवू नका, मीटरने मोजा.

राउटर ठरावीक वॅट मागतो. व्होल्टेज उतरलं की तो करंट वाढवून ते वॅट भरून काढतो. आपल्या ९६५० वॅटच्या राउटरचं पाहा. बॅटरी फ्लोटवर, म्हणजे पूर्ण भरून चार्जरला जोडलेली असताना, ५४ व्होल्टला सुमारे १७९ अँपिअर. ४३ व्होल्टपर्यंत उतरली की सुमारे २२४. समजा ए च्या ४ आणि बी च्या ४ अशा आठ केबल आहेत. रोजच्या दिवशी प्रत्येकीत साधारण २२ अँपिअर वाहतात. एक बाजू गेली आणि बॅटरी शेवटाला आली की उरलेल्या चारांपैकी प्रत्येकीत ५६. सतत चालणाऱ्या भारासाठी ब्रेकर १२५ टक्क्यांचा धरतात, म्हणजे ७० अँपिअर. रोज २२ दिसतात म्हणून कोणी ४० चा ब्रेकर सुचवला तर हा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा. अर्थात अंतिम आकडा हार्डवेअर गाइड आणि स्थानिक विद्युत नियमांनुसार.

आता केबल. व्होल्टेज ड्रॉप काढायचं सूत्र साधं आहे: दोन गुणिले अंतर मीटरमध्ये, गुणिले करंट, गुणिले ०.०१७५, भागिले केबलचा छेद चौरस मिलिमीटरमध्ये. दोनने गुणायचं, कारण करंट जातो आणि परतही येतो. २० मीटर अंतर, ५६ अँपिअर आणि १६ स्क्वेअरची केबल घेतली तर ड्रॉप येतो २.४५ व्होल्ट. बॅटरीशी ४३ आणि राउटरच्या टर्मिनलवर साडेचाळीस. युरोपच्या ईटीएसआय मानकात उपकरणाच्या टोकाशी व्होल्टेजची खालची मर्यादाच ४०.५ आहे, त्यामुळे राउटर अगदी काठावर येऊन उभा राहतो. त्यात केबल गरम झाली की तिचा रोध आणखी वाढतो. ३५ स्क्वेअरची केबल घेतली तर तोच ड्रॉप १.१२ वर येतो. बॅटरीतली शेवटची मिनिटं वापरता येणार की वाया जाणार, हे या केबलवर ठरतं.

ब्रेकर डीसी रेटिंगचाच हवा. ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी तशीच जळत राहू शकते. वरच्या (पुरवठ्याकडच्या) बाजूचा ब्रेकर खालच्यापेक्षा मोठा ठेवा, म्हणजे एका सप्लायच्या बिघाडाने अख्खं पॅनेल पडणार नाही.

## ५. अर्थिंग: पहिलं जोडायचं, शेवटी काढायचं

अर्थिंगचं काम इतकं साधं दिसतं की ते सगळ्यात नव्या माणसाला दिलं जातं. मोठ्या एसी पॉवर सप्लायमध्ये फिल्टरमुळे गळतीचा करंट बराच असतो. अर्थ जोडलेलं नसेल तर तो चॅसिसच्या पत्र्यावर येतो. म्हणून सगळ्यात आधी अर्थ, मग वीज. काढताना उलट.

लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचा बोल्टचा धातूचा तुकडा, दोन छिद्रांचा घ्या. एका बोल्टवरचा लग केबलला धक्का लागला की फिरतो आणि सैल होतो. दोन बोल्टवरचा जागचा हलत नाही. केबलचा छेद गाइडमध्ये दिलेला असतो, त्यापेक्षा बारीक कधीच नको. क्रिम्प करण्यापूर्वी केबलची साल तेवढीच काढा की तांबं लगच्या नळीच्या टोकापर्यंत पोचेल आणि बाहेर उघडं दिसणार नाही. लगवरच्या छोट्या खिडकीतून तांबं दिसायला हवं.

आता रॅककडे या. पावडर कोटिंगचा रंग वीज अडवतो. रॅकवर लग बसवायच्या जागेचा रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा, अँटी-ऑक्सिडंट पेस्टचा पातळ थर द्या आणि लगेच बोल्ट आवळा. दाते असलेला वॉशर रंगात रुततो खरा, पण मोठ्या उपकरणाच्या अर्थिंगसाठी त्यावर विसंबू नये असं मला ठामपणे वाटतं. राउटर रॅकला स्क्रूने आवळला म्हणजे अर्थ झाला, हेही खरं नाही. चॅसिसच्या अर्थ पॉइंटपासून खोलीतल्या अर्थ बसबारपर्यंत (सगळे अर्थ जिथे एकत्र येतात त्या तांब्याच्या पट्टीपर्यंत) स्वतंत्र केबल हवी. एका रॅकचा अर्थ दुसऱ्यातून, दुसऱ्याचा तिसऱ्यातून अशी साखळी करू नका, कारण मधला रॅक काढला की पुढचे सगळे उघडे पडतात. केबल जवळच्या वाटेने न्या आणि वळणं गोलाकार ठेवा. विजेच्या लोळाचा करंट तीव्र वळणावर आणि गुंडाळून ठेवलेल्या जादा केबलवर नीट वाहत नाही.

आता सगळ्यात धोकादायक सल्ला, जो भल्याभल्यांकडून मिळतो: ‘इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळा स्वच्छ अर्थ काढा, बिल्डिंगच्या अर्थला जोडू नका.’ हे ऐकू नका. जवळपास वीज पडली की जमिनीत अर्थच्या दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक तुमच्या राउटरमधून, त्याच्या डेटा केबलमधून वाट काढतो. वेगळा इलेक्ट्रोड हवा असेल तर खुशाल घाला, पण तो इमारतीच्या मुख्य अर्थ बसबारला जोडलेलाच असला पाहिजे. टेलिकॉम इमारतींमधल्या बाँडिंगबद्दल (सगळे धातूचे भाग आणि अर्थ एकमेकांना जोडण्याबद्दल) आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची के.२७ ही शिफारस आणि टीआयए-६०७ हे अमेरिकी मानक आहे. दोन्ही एकदा वाचून काढा.

मोजमाप दोन वेगळ्या गोष्टींचं असतं. पहिली, इलेक्ट्रोड आणि जमीन यांच्यातला रोध. टेलिकॉमच्या जागी तो ५ ओहमच्या आत आणि मोठ्या एक्स्चेंजला १ ओहमच्या आसपास मागतात. दुसरी, चॅसिसपासून बसबारपर्यंतच्या जोडणीचा रोध, तो ०.१ ओहमच्या बराच खाली यायला हवा. खड्ड्याचा अहवाल उत्तम आणि रॅकमधला लग रंगावर बसलेला, असं अनेकदा असतं. दोन्ही मोजा.

कार्ड हाताळताना मनगटपट्टा चॅसिसच्या ईएसडी (स्थिर विजेपासून बचावाच्या) पॉइंटलाच लावा. त्यात साधारण १ मेगाओहमचा रोध असतो. तो तुमच्या सुरक्षेसाठी आहे, त्यामुळे पट्ट्याऐवजी साधी तार बांधू नका.

## ६. उष्णता किती, हवा किती

राउटरने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. १ वॅट म्हणजे ताशी ३.४१२ बीटीयू (उष्णतेचं एकक). आपले ९६५० वॅट म्हणजे ताशी सुमारे ३२,९००. एसीचा एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, तेव्हा या एका राउटरला पावणेतीन टन लागतात. त्यात यूपीएस, माणसं आणि भिंतींतून येणारी उष्णता अजून धरलेली नाही.

टन पुरेसे असले तरी हवा पोचायला हवी. राउटरमधून हवा जाताना किती अंशांनी तापते यावर लागणारा प्रवाह ठरतो: १.७६ गुणिले वॅट भागिले तापमानवाढ सेल्सिअसमध्ये, उत्तर सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट हवा). १५ अंशांची वाढ धरली तर ११३० सीएफएमच्या जवळपास. उंचावलेल्या फ्लोअरच्या जाळीच्या एका साध्या लादीतून काहीशे सीएफएमच मिळतात, त्यामुळे राउटरसमोर एकच लादी असेल तर उरलेली हवा तो मागून, स्वतःचीच गरम झालेली, ओढून घेतो. उंचावरच्या जागी हवा विरळ असते. ३००० मीटरवर तिची घनता सुमारे पाव भागाने कमी होते, म्हणून गाइडमधली कमाल तापमानाची मर्यादा उंचीनुसार खाली येते.

आश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने आत जाणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सुचवले आहेत. डेटाशीटवर ५५ अंश दिसले तर हुरळून जाऊ नका. नेब्स या टेलिकॉम उपकरणांच्या मानकांपैकी जीआर-६३ मध्ये ५५ हा अल्पकालीन आकडा आहे, सलग ९६ तास आणि वर्षात १५ दिवसांपुरता. दीर्घकालीन मर्यादा ४० ची आहे.

## ७. हवेची वाट मोकळी ठेवा

तुमचा राउटर समोरून घेऊन मागे फेकतो की एका कुशीतून दुसऱ्या कुशीत? हे ऑर्डर देण्याआधी पाहा. आडव्या हवेच्या चॅसिसला ८०० मिलिमीटरचा रुंद रॅक आणि हवा वळवणारे पत्रे लागतात. असे दोन राउटर शेजारी ठेवले तर पहिल्याची गरम हवा दुसरा पितो.

रिकाम्या स्लॉटला फिलर आणि रॅकमधल्या रिकाम्या जागेला ब्लँकिंग पॅनेल लावा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच. तापमान खोलीच्या भिंतीवर मोजू नका. रॅकच्या समोरच्या बाजूला खाली, मध्ये आणि अगदी वर असे तीन लॉगर लावा. गरम हवा रॅकच्या माथ्यावरून पुढे घरंगळते, त्यामुळे वरच्या लॉगरवरच खरी तक्रार दिसते.

## ८. वीज गेल्यावर एसीचं काय?

यूपीएसवर राउटर चालू राहतो आणि उष्णता ओततच राहतो. एसी मात्र बंद पडलेला असतो. जनरेटर लागल्यावरही कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, त्याला काही मिनिटांचा थांबा असतो. दाट भरलेल्या छोट्या खोलीत तेवढ्यात तापमान धोक्याच्या रेषेपलीकडे जातं. म्हणून निदान एसीचे पंखे, आणि थंड पाण्याची व्यवस्था असेल तर तिचे पंप, यूपीएसवर घ्यायला सांगा. दोन तासांच्या बॅटरीचा उपयोग थंडावा तेवढा वेळ टिकला तरच.

बॅटरी ठरवताना नुसता अँपिअर-अवरचा गुणाकार करू नका. १० तासांच्या दराला दिलेली क्षमता २ तासांत उपसली की पूर्ण मिळत नाही, म्हणून उत्पादकाचा डिस्चार्ज तक्ता मागा. क्षमता ८० टक्क्यांवर आली की शिसे-आम्ल बॅटरी बदलायची असते, तेव्हा सुरुवातीलाच सव्वापट धरा. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

## ९. चालू करण्याचा दिवस

क्रम असा ठेवा: अर्थ जोडा आणि मोजा. सगळे ब्रेकर बंद असल्याची खात्री करून कुलूप आणि पाटी लावा. केबल जोडा, टॉर्क रेंचने गाइडमधल्या आकड्यापर्यंत आवळा आणि आवळलेल्या बोल्टवर मार्करने रेघ ओढा, म्हणजे पुढे सैल झालेला बोल्ट नजरेलाच कळेल. सप्लायचं टर्मिनल कव्हर लावण्यापूर्वी पाटी काढून एकेक ब्रेकर चालू करा, पोलॅरिटी व व्होल्टेज तपासा आणि ब्रेकर पुन्हा बंद करा. मग ए बाजू, नंतर बी.

राउटर पूर्ण सुरू झाला, सगळी कार्डं वर आली की ट्रॅफिक घेण्याआधी ए चे सगळे ब्रेकर खाली करा. बी च्या प्रत्येक केबलचा करंट मोजून तुमच्या हिशोबाशी ताडून पाहा. मग उलट करा. ही चाचणी टाळण्यासाठी कोणी कितीही घाई केली तरी ऐकू नका, कारण ग्राहक आल्यावर ती करायला परवानगी मिळत नाही. एका फीडवर अर्धा तास चालवून थर्मल कॅमेऱ्याने प्रत्येक लग बघा. शेजारच्यापेक्षा गरम दिसणारा लग म्हणजे सैल बोल्ट किंवा कच्चा क्रिम्प.

त्या दिवसाचे करंट, व्होल्टेज, अर्थचे रोध आणि तिन्ही लॉगरचं तापमान एका कागदावर लिहून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. नवं कार्ड टाकलं, फिल्टर बदलला किंवा शेजारी नवं उपकरण आलं की पुन्हा मोजा आणि त्याच कागदावर पुढची ओळ भरा.